कुंडी ठेवा, ताटली काढा

पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी वस्तीत येतात, बॅटरी मारून पिंप-कुंड्या तपासतात आणि अळी दिसली की पाणी ओतून देतात. मग गल्लीत वाद सुरू होतो. कोणीतरी म्हणतेच, "दहा बाय दहाच्या खोलीत फुलांची हौस कशाला? झाडेच काढून टाका." हा सल्ला आम्हाला मान्य नाही. डेंग्यूचा डास झाडातून जन्मत नाही, साचलेल्या पाण्यातून जन्मतो. काढायची ती पाणी साचवण्याची सवय, झाड नव्हे.

आपल्या घरांत पाहा. खिडकीत बाटलीतले मनी प्लांट, दारातल्या कुंडीखाली ताटली, बुद्धमूर्तीसमोर फुलांचा पेला. तिन्ही ठिकाणी स्वच्छ, न हलणारे पाणी असते आणि डेंग्यूच्या डासाला तेच लागते. मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी काही महिने टिकतात. पुन्हा पाणी पडले की साधारण 8 ते 10 दिवसांत डास तयार. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा भांडे आतून घासलेच पाहिजे.

आमचे मत असे, की वस्तीत फूल लावायचे तर कमी पाण्यावर जगणारे लावावे. 'ऑफिस टाइम' हे त्यातले सर्वांत सोपे. काही जण त्याला चिनी गुलाब म्हणतात. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतले. त्याची जाडसर पाने पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे एखादा दिवस पाणी चुकले तरी ते मरत नाही. ऊन चढले की फूल उमलते आणि दुपारनंतर मिटते. नाव त्यावरूनच पडले. ते जमिनीलगत पसरते, म्हणून उथळ डबाही पुरतो.

विकत आणायची गरज नाही. शेजारणीकडून बोटभर लांबीच्या चार-पाच काड्या मागून घ्या. तेलाच्या जुन्या डब्याला तळाशी पाच-सहा भोके पाडा. अर्धी माती, बाकी वाळू आणि कुजलेले शेणखत भरा. काड्या खोचून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, मग उन्हात आणा. दीड-दोन आठवड्यांत मुळे धरतात. रोज पाच-सहा तास ऊन हवे. ऊन नसेल तर झाड जगेल, पण फुलणार नाही. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी घाला. शेंडे खुडत राहा, म्हणजे फांद्या आणि फुले दोन्ही वाढतात. पावसात डबा वळचणीखाली घ्या, नाहीतर देठ कुजतात.

डब्याखाली ताटली ठेवू नका. दोन विटांवर डबा ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल. हे झाड डास पळवत नाही, असा कोणाचा समज नको. त्याच्यापायी डास वाढत नाहीत, एवढाच त्याचा गुण.

याच कुळातली घोळूची भाजी आपल्या आज्या-मावश्या रानातून खुडून आणत. तीही अशा डब्यात येते. मात्र घोळूसारखीच पसरणारी, तोडल्यावर पांढरा चीक येणारी दुधी खाऊ नये. गटाराकाठची घोळही नको. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळू बेतानेच खावी.

एक गोष्ट उरते. नळाला रोज पुरेसे पाणी आले असते तर पिंपे भरून ठेवायची पाळी आली नसती. ती मागणी आपण सोडायची नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत पिंपावर घट्ट झाकण, रविवारी सगळी भांडी घासणे आणि ताटली बंद, एवढे आपल्या हातात आहे. हे केले की दारातल्या लाल-पिवळ्या फुलांकडे बोट दाखवून "काढा ते" म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.