शाळा तपासायला कोण येतो? अधिकाऱ्यांची पात्रता, पगार आणि प्रवासखर्च हा आपलाही प्रश्न आहे

जिल्हा परिषदेच्या शाळा वाचवा, शिक्षक द्या, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, या मागण्यांसाठी आपण मोर्चे काढतो आणि निवेदने देतो. ती निवेदने ज्या टेबलावर जाऊन पडतात, त्या टेबलामागच्या माणसाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख ही ती माणसे. त्यांची निवड कशाच्या आधारे होते, पद रिकामे राहिले तर काम कोण करतो, शाळेपर्यंत जायचा खर्च कोण देतो, हे विषय रुक्ष वाटतात. सेवाप्रवेश नियम आणि भत्त्यांचे शासन निर्णय हौसेने कोणी वाचत नाही. तरीही वस्तीतल्या शाळेचे बरेच काही याच कागदांत ठरते, असे आमचे म्हणणे आहे.

या साखळीच्या हातात काय आहे?

जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) बसतात. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट सांभाळणारे विस्तार अधिकारी आणि साधारण दहा शाळांच्या केंद्राला एक केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशांत आपल्या मुलांची कागदपत्रे तपासली जातात ती तालुका पातळीवर. शाळेचा पट कमी झाला की त्याचा अहवाल याच वाटेने वर जातो. मुख्याध्यापकाने मुलाला जातीवरून बोलल्याची तक्रार केली तर पहिली चौकशी बहुधा विस्तार अधिकाऱ्याकडे येते. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना मिळणारी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती महिना 60 रुपयांची आहे. रक्कम लहान, पण शाळेने प्रस्ताव पाठवला की नाही हे भेटीत विचारणारा कोणी नसेल तर तीही बुडते.

1927 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत येणाऱ्या 100 मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात. मूल शाळेत आले म्हणजे काम झाले नाही, ते टिकते का हे पाहावे लागते. हे पाहण्याची सरकारी व्यवस्था म्हणजे ही साखळी.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये काय मागितले होते?

हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांच्या तपासणीवर नेमके बोट ठेवले होते. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि अधूनमधून न कळवता भेट द्यावी, अशी त्यांची सूचना होती. गावच्या आणि जिल्ह्याच्या इतर अंमलदारांवर हे काम सोपवू नये, कारण त्यांच्यामागे नाना कामे असतात आणि त्यांची तपासणी वरवरची होते, असेही त्यांनी बजावले. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार किमान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये असावा, असा आकडाही होता. शिक्षक कोण असावा, त्याला काय मिळावे आणि त्याच्यावर देखरेख कशी असावी, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या. आपण त्यातली शिक्षकाची बाजू लक्षात ठेवली आणि देखरेखीची विसरलो.

आज तर उलटेच झाले आहे. ज्यांनी तपासणी करायची त्यांच्याच मागे नाना कामे लागली आहेत. यूडायसची माहिती, आधारची जुळणी, पोषण आहाराचे आकडे, निवडणुकीची कामे, वरून आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर. शाळेत बसून मुलांना वाचायला लावण्याचे काम या यादीत शेवटी येते.

पात्रता: कोणासाठी कडक, कोणासाठी सैल

1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल. वीस-वीस वर्षे शिकवणारे शिक्षक पुन्हा परीक्षेला बसणार आहेत. शिक्षकाच्या पात्रतेबद्दल एवढा आग्रह असेल, तर त्याच्या वर्गाचे मूल्यमापन करणाऱ्याच्या निवडीबद्दलही तेवढाच असायला हवा.

केंद्रप्रमुखाचे उदाहरण घ्या. राज्यात या पदांची संख्या 4,860 आहे. डिसेंबर 2022 च्या शासन निर्णयाने निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी मर्यादित विभागीय परीक्षेने भरायचे ठरले. 2023 मध्ये 2,384 जागांच्या परीक्षेची जाहिरात आली आणि परीक्षा लांबणीवर पडली. नियम कागदावर आणि केंद्र प्रभारी माणसावर, अशी स्थिती त्यातून तयार होते.

परीक्षा झाली म्हणून विश्वास बसतो असेही नाही. टीईटी गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच अटक झाली आणि 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघड झाले, त्यातही शिक्षण विभागाचे अधिकारी गजाआड गेले. अशा बाजारात पैसे देऊ न शकणारा प्रामाणिक उमेदवार बाहेर फेकला जातो. तो बहुतेकदा आपल्यासारख्या घरातला असतो.

पदोन्नतीत आपली माणसे कुठे?

या पदांचा मोठा वाटा पदोन्नतीने भरला जातो, म्हणून पदोन्नतीतील आरक्षणाचा प्रश्न इथे थेट येऊन भिडतो. 25 मे 2004 चा आरक्षणाचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने राखीव 33 टक्के जागांसह पदोन्नतीची सर्व पदे 25 मे 2004 च्या स्थितीतील सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरवले. या निर्णयाविरुद्ध आपण आंदोलने केली. पण चर्चा बहुतेक वेळा मंत्रालयातल्या मोठ्या पदांभोवती फिरली. तालुक्याच्या खुर्चीवर कोण बसतो, याचा परिणाम वस्तीच्या शाळेवर त्याहून लवकर दिसतो.

केवळ आपल्या समाजाचा अधिकारी आला म्हणजे न्याय मिळेल, असा भाबडा समज आमचा नाही. पण मुलाला मागच्या बाकावर का बसवले, हे ज्याला सांगून समजवावे लागत नाही असा माणूस त्या साखळीत असणे गरजेचे आहे.

पगार आणि प्रवासखर्च

नवा प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षे महिना 16,000 रुपये मानधनावर काम करतो. 2023 पूर्वी ही रक्कम 6,000 होती. नियमित झाल्यावर त्याचे मूळ वेतन 29,200 पासून सुरू होते. त्यावरच्या पदांना सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी आहे, त्यामुळे अधिकारी उपाशी आहे असे कोणी म्हणणार नाही. खरी अडचण अतिरिक्त पदभाराची आहे. पद भरले नाही की सरकारचा एक पगार वाचतो आणि एकाच माणसावर दोन केंद्रे किंवा दोन कार्यालये येतात. प्रभारी माणूस सही करतो, पण निर्णय टाळतो. उद्या कायम अधिकारी आला तर आपल्याला कोण विचारणार, हे त्याला ठाऊक असते.

प्रवासखर्चाकडे तर सगळ्यांचेच दुर्लक्ष आहे. केंद्रप्रमुखाचे काम फिरतीचे. त्याला महिन्याचा ठोक प्रवास भत्ता मिळतो. डोंगरातल्या केंद्राला पेट्रोल जास्त लागते, हे ठोक रकमेला कळत नाही. मग रस्त्यावरच्या चार शाळांना वारंवार भेटी होतात आणि आतल्या वाडीच्या, पाड्याच्या, तांड्याच्या शाळेचा अहवाल फोनवर लिहिला जातो. भत्ता शाळांच्या अंतराशी आणि प्रत्यक्ष भेटींशी जोडला, तर भेट न देता भत्ता घेण्याचीही सोय उरणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात किती मुलांमागे किती शिक्षक, वर्गखोल्या किती, कामाचे दिवस किती, हे सारे लिहिले आहे. किती शाळांमागे किती पर्यवेक्षक आणि वर्षात किती भेटी, हे मात्र त्यात नाही. जोतीरावांनी मागितलेला तिमाही भेटीचा निकष आजही कायद्याबाहेर आहे.

आपण काय करायचे?

पहिले, माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्या पंचायत समितीला चार गोष्टी विचारा: गटशिक्षणाधिकारी ते केंद्रप्रमुख मंजूर पदे किती आणि रिक्त किती, प्रभार कोणाकडे आणि कधीपासून, मागच्या वर्षात प्रत्येक शाळेला दिलेल्या भेटींच्या तारखा, प्रवास भत्त्यापोटी दिलेली रक्कम. पदोन्नतीची बिंदुनामावली जिल्हा परिषदेकडे मागा.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या जागा भरा. भेटीचा अहवाल समितीच्या बैठकीत वाचून दाखवावा, असा ठराव घ्या.

तिसरे, विहारांच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या तरुणांशी बोला. तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी ही स्वप्ने चांगलीच आहेत. त्याच आयोगाच्या जाहिरातीत महाराष्ट्र शिक्षण सेवेचीही पदे निघतात. बी.एड. झालेल्या मुला-मुलींनी तो पर्याय पहिल्या पसंतीत लिहायला काय हरकत आहे?

आणि निवेदन द्यायला जाल तेव्हा शाळेला शिक्षक द्या या मागणीखाली आणखी एक ओळ लिहा: रिक्त पर्यवेक्षकाचे पद भरा आणि दर तीन महिन्यांनी शाळेत या. ही मागणी 1882 पासून सरकारदरबारी पडून आहे.