किट घातलं असतं तर

पोळा झाला की कापसाच्या पट्ट्यात फवारणीला जोर येतो आणि त्याच सुमारास कृषी विभागाच्या सूचनाही येतात. मास्क लावा, चष्मा लावा, हातमोजे, अंगभर एप्रन, पायांत गमबूट. सोबत चित्र असतं. त्या चित्रातला माणूस मला यवतमाळ जिल्ह्यात एकाही धुऱ्यावर भेटलेला नाही. भेटतो त्याच्या अंगात जुना फुल बाह्यांचा सदरा असतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत स्लिपर किंवा तीही नाही, नाकातोंडावर दुपट्टा आणि पाठीवर 16 लिटरचा पंप. पंप गळका असला की पाठ ओली. दुपारपर्यंत दुपट्टाही औषधाने ओला होतो आणि त्यातूनच श्वास घेणं चालू राहतं. मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरलेली असेल तर वारा उलटा फिरला म्हणून थांबून चालत नाही.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आठशेवर लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. त्या साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पीक कमरेएवढं असलं की नोझल खाली धरता येतो. डोक्यावर गेलं की तो वर धरावा लागतो आणि फवारा तोंडावर येतो. त्यात स्वस्तातले चिनी बॅटरी पंप आले होते, त्यांचे तुषार बारीक, हवेत बराच वेळ तरंगणारे. एकाच ड्रममध्ये दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, वरून टॉनिक, आणि ढवळायला काडी. ऑगस्टपासून यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात माणसं येत होती. कुणाला उलट्या, कुणाला दम लागलेला, कुणाला दिसेनासं झालेलं. मुंबईला जाग आली तेव्हा दसरा आला होता.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकं शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर निकामी करतात. नसांचा स्नायूंना दिलेला निरोप मग थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. पण विष याच जातीचं आहे हे खात्रीने कळायला रक्तातल्या त्या विकराची तपासणी लागते, आणि ज्या जिल्ह्यात कापसाशिवाय गोष्ट निघत नाही तिथल्या रुग्णालयात तेव्हा तिची सोय नव्हती. डायफेंथियुरॉनची गोष्ट आणखी वेगळी, त्यावर नेमका असा उताराच नाही.

नंतर चौकशी समिती बसली. पिकाची उंची, नवे पंप, मिश्रणं, सगळं बोललं गेलं. पण लोकांच्या तोंडी उरलं ते एवढंच की मजुरांनी किट घातलं नव्हतं. मग किटांचं वाटप झालं आणि फोटो निघाले.

माझं म्हणणं या किटाबद्दलच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरचं ऊन, जमिनीतून येणारी वाफ, पाठीवर भरला पंप. अशात अंगभर प्लास्टिकचा एप्रन आणि मास्क घालून दिवसभर काम करून दाखवायला ज्यांनी ते वाटलं त्यांच्यापैकी कुणी पुढे आल्याचं ऐकिवात नाही. हे काही माझंच गाऱ्हाणं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांसाठी एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. जी कीटकनाशकं हाताळायला गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत, आणि उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या बाबतीत तर विशेषच, असं त्यात लिहिलेलं आहे. ही संहिता पाळली असती तर किट वाटायची वेळच आली नसती, कारण ती बाटली दारव्हा-आर्णीच्या दुकानात पोचलीच नसती. आपल्याकडे बाटली आधी पोचते. त्यानंतर जे होईल तो मजुराचा निष्काळजीपणा.

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण गावात कोणती कीड किती आहे हे पाहून सांगणारा कृषी सहायक अनेक गावं सांभाळत असतो, आणि उधारी देणारा दुकानदार रोज भेटतो. तो देईल ते कॉम्बिनेशन घ्यायचं. त्या साली गुलाबी बोंडअळीचा कहर होता. ही अळी बोंडाच्या आत शिरून खाते. एकदा आत गेली की वरचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला वेळेत पकडायचं तर कामगंध सापळे लावायचे, अळी लागलेल्या डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या, वेचणी संपल्यावर तीच पऱ्हाटी फरदड म्हणून ठेवायची नाही. त्यात विकायला बाटली नसते. दुसरीकडे त्या फवाऱ्याने ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे मावा-तुडतुडे खाणारे मित्र आधी मरतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी रसशोषक किडी दुप्पट जोमाने येतात आणि माणूस पुन्हा दुकानात येतो. फुलांवरच्या मधमाश्या जातात त्या वेगळ्याच. पंप धुतलेलं पाणी नाल्यात जातं. मजुराचे कपडे त्याची बायको हाताने धुते. दवाखान्याच्या नोंदीत ती कुठेच नसते, कारण ती शेतात फवारत नव्हती.

त्या वर्षी राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर बंदी घातली. कीटकनाशक कायदा 1968 चा. त्याच्या कलम 27 प्रमाणे राज्याला एखादं कीटकनाशक थांबवायचं तर 60 दिवस, फार तर आणखी 30. कायमचा निर्णय दिल्लीचा. आदेश निघाला नोव्हेंबरमध्ये, फवारणी आटोपल्यावर. पाचांतलं मोनोक्रोटोफॉस दिल्लीने 2023 मध्ये बंद केलं, तेही साठा संपवायला वर्षाची सवलत देऊन. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनातून 23 मुलं गेली तेव्हा हेच विष होतं. बंदीला त्यानंतर दहा वर्षं लागली. कायदा बदलायचं विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, समितीकडे गेलं आणि मार्गी लागलं नाही.

पाचांतली आणखी दोन, प्रोफेनोफॉस आणि डायफेंथियुरॉन, ही स्वित्झर्लंडने 2021 पासून निर्यातीसाठीच बंद केली. त्यांच्या स्वतःच्या शेतात डायफेंथियुरॉन त्याआधीच नव्हतं. यवतमाळच्या दोन विधवांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने त्याच वर्षी बासेलमध्ये सिंजेंटा या स्विस कीटकनाशक कंपनीवर दावा लावला. पोलिसांच्या नोंदींत कंपनीच्या ‘पोलो’ या डायफेंथियुरॉनच्या औषधाशी जोडलेली 96 प्रकरणं होती. कंपनीला हे मान्य नाही. आपल्या उत्पादनाने विषबाधा झाल्याचा पुरावा नाही, असं ती म्हणते.

सारा वाद शेवटी पुराव्यावरच येतो. कीटकनाशक कायद्याच्या कलम 26 प्रमाणे फवारणीतून झालेली प्रत्येक विषबाधा कळवणं बंधनकारक करायचा अधिकार राज्याकडे आहे. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. तो नीट वापरून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून उत्पादनाच्या नावासकट नोंद मागवावी, ही मागणी आमदारांकडे लावून धरता येईल. तोवर कुणाला भोवळ आली, मळमळ झाली, तर आधी कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, घरी लिंबूपाण्यात वेळ घालवू नका. बाटली, नाही तर तिचं लेबल आणि दुकानाची पावती सोबत दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर औषधाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या.