बासनातील पूर्वज

सुट्या लागल्या की मराठी कुटुंबे कुलदैवताला जातात, नाशिक-त्र्यंबकेश्वर करतात, अलीकडे तंजावरपर्यंतही मजल मारतात. दर्शन होते, खरेदी होते, छायाचित्रांचा ढीग जमतो. मात्र ज्या क्षेत्री खापरपणजोबांची स्वाक्षरी एका बासनात पडून असण्याचा संभव आहे, तेथून ती न पाहताच मंडळी परततात.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे, आडनाव आणि मूळ गाव सांगावे. उपाध्याय नेमकी वही काढतात. घराण्यातील कोण, केव्हा, कोणाच्या अस्थी घेऊन आला, त्याचे वडील, आजोबा, भाऊ, मुलगे कोण, हे तेथे लिहिलेले असते. पुष्कळदा त्या यात्रेकरूच्याच हस्ताक्षरात. पणजोबांचे वळणदार अक्षर प्रथमच पाहणाऱ्या नातवंडांना इतिहास म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. समाजाने शासनाचा एक पैसाही न घेता पिढ्यान्पिढ्या चालविलेले हे दप्तर आहे.

त्याच्या जतनाचे काय? हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील वह्यांच्या सूक्ष्मपट्ट्या काढण्याचे काम १९७७ पासून हाती घेतले, ते अमेरिकेतील युटा येथील मॉर्मन पंथीयांच्या वंशावळी संस्थेने. त्यामागे त्यांची स्वतःची धर्मकल्पना आहे, हे खरे. तिच्याविषयी कोणाचे मत काहीही असो. काम त्यांनी केले आणि वारसा आमचा म्हणणारे आम्ही पाहत राहिलो. वह्यांवरील उपाध्यायांचा हक्क अबाधित ठेवून त्यांच्या प्रती काढणे शासनाला किंवा एखाद्या मराठी विद्यापीठाला अशक्य नाही.

पुण्यात येणाऱ्यांसाठी पेशवे दप्तर आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, तरी कोट्यवधी कागदांच्या मानाने ती ओंजळच. वतन, इनाम, देशमुखी-कुलकर्णाचे तंटे यांतून सामान्य घराण्यांचीही नावे डोकावतात. इतिहासाचार्य राजवाडे ज्याच्या संस्थापकांपैकी एक, ते १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही याच शहरात आहे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय मोडी कागद सांभाळून आहे. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा वृत्तांत मराठीत कोरविला. मॉरिशसमधील मराठी बांधव मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया पूर्वजांच्या नोंदी शोधतात आणि गावाचे नाव हाती लागले की कोकणाची वाट धरतात. समुद्रापलीकडच्यांना असलेली ही ओढ पुणे-मुंबईकरांत का आढळू नये?

अडचण आहे ती मोडीची. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी प्रशासनाची धावाधाव झाली. जी लिपी पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरातले वडीलधारे सहज वाचीत, तिच्यासाठी आज जाणकार शोधावा लागतो.

निघण्यापूर्वी थोडी तयारी हवी. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, तीन पिढ्यांची नावे आणि पूर्वीचे आडनाव वेगळे असल्यास तेही, हे सारे घरातील वृद्धांना विचारून आजच लिहून घ्यावे. गावी गेल्यास तहसील कचेरीत जुन्या फेरफार नोंदी व जन्ममृत्यूचे कोतवाल बुक पाहावे. शासकीय दप्तरखाने रविवारी बंद असतात, ओळखपत्र व अर्ज लागतो, कागद हाती येण्यास वेळ जातो. तेव्हा प्रवासाच्या आखणीत कामाचा एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा. आणि उपाध्यायांच्या वहीत या वेळच्या मंडळींची नावे लिहूनच उठावे, मुलींची व सुनांचीसुद्धा.