उमेदवार वकील आहे, पण माणूस कसा आहे? जवाहरनगरच्या मतदाराने नेमकं काय तपासायचं

निवडणूक आली की बॅनरवर नावाआधी 'ॲड.' लागतं. खाली ओळ ठरलेली असते, 'सामान्य शेतकरी कुटुंबातला, उच्चशिक्षित, अभ्यासू उमेदवार'. व्हॉट्सॲपवर बालपणीच्या कष्टांची रील फिरते. विरोधक लगेच दुसरा मेसेज सोडतात, 'याने कोर्टात कुणाकुणाची बाजू घेतली ते बघा!'

मतदाराने यातलं काय खरं मानायचं? भंडारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या कायदेपंडिताला या जिल्ह्याने एकदा मतपेटीतून 'नाही' म्हटलेलं आहे.

आधी एक साधा प्रश्न : राजकारणात वकीलच इतके का?

जवाहरनगरचं उदाहरण घ्या. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६० च्या दशकातली. या फॅक्टरीवर गावातली कितीतरी घरं चालतात. पण फॅक्टरीतल्या कायम कामगाराला आमदारकी लढवायची असेल, तर आधी नोकरी सोडावी लागते. सरकारी कर्मचाऱ्याला निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचा प्रचारही करता येत नाही.

वकिलाला ही अडचण नाही. तो तारीख पुढची मागून प्रचाराला जाऊ शकतो. हरला तर सोमवारी पुन्हा कोर्टात. जिंकला तरी कोट उतरवावा लागत नाही. आमदार-खासदारांना वकिली करायला बंदी घाला, अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. आमदार हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, त्यामुळे बार कौन्सिलचा नियम त्याला अडवत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

म्हणजे बॅनरवरचा 'ॲड.' हा त्यागाचा पुरावा नाही आणि हुशारीची हमीही नाही. हा माणूस निवडणुकीचा धोका पत्करू शकतो, एवढंच त्यातून कळतं.

'याने गुन्हेगाराची केस लढवली' हा आरोप किती खरा?

बहुतेक वेळा अर्धाच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार, ज्या कोर्टात वकील काम करतो तिथली केस योग्य फी मिळत असेल तर त्याने घ्यावी अशी अपेक्षा असते. खास कारण असेल तरच नकार देता येतो. आरोपीला वकील मिळणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. त्यामुळे अशिलाचा गुन्हा वकिलाच्या माथी मारणं चूक आहे.

तसं असलं तरी वकिलाने कोणत्या केस स्वतःहून अंगावर घेतल्या, यावरून बरंच काही कळतं. विशेषतः जिथे पैसा कमी आणि शिव्या जास्त, अशा केस.

१९३४ चं उदाहरण बघा. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. त्या काळात त्यांच्या बाजूने उभं राहणं म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणं. उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण लैंगिक विषयावर बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका कोर्टात मांडली गेली.

मूल्यं सभागृहात दिसली का?

खरी परीक्षा इथे होते. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक लढवली, आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. काँग्रेसने समोर उभं केलं होतं क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना. दोघेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेले, दोघांनीही अपमान सोसलेला. 'मी कुठून आलो' हे सांगून दोघांत फरक करता आला नसता. प्रश्न होता, निवडून आल्यावर काय करणार?

बाबासाहेब जिंकले आणि त्याच वर्षी त्यांनी कोकणातली खोती पद्धत बंद करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ मध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर मर्यादा आणणारं विधेयक आलं, तेव्हा सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांच्या एक दिवसाच्या संपात पुढाकार घेतला. बालपणीचे चटके आणि कायद्याचं शिक्षण, दोन्ही मिळून एखाद्या कलमापर्यंत पोहोचतं ते असं.

आणि तरीही भंडाऱ्यात पराभव

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले.

या निवडणुकीचा एक प्रसंग अजूनही सांगितला जातो. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की आपल्या मतदारांनी दुसरं मत वाया घालवावं, म्हणजे बाबासाहेबांचं पारडं जड होईल. ज्याने घटना तयार केली तो मत वाया घालवायला सांगणार नाही, पडलो तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती असं सांगतात.

मूल्य म्हणतात ते हे. पाळलं तर नुकसान होणार हे समोर दिसत असताना पाळलेलं. ज्याची काहीच किंमत मोजावी लागली नाही, ते बॅनरवरचं वाक्य.

मग आज काय तपासायचं?

पहिलं, शपथपत्र. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ भरावा लागतो. त्यात शिक्षण, उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचे स्रोत आणि प्रलंबित गुन्हे असतात. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर ते कुणालाही वाचता येतं. खोटी माहिती दिली किंवा लपवली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. एक लक्षात ठेवा, गुन्ह्यांच्या रकान्यात उमेदवारावरचे गुन्हे असतात, त्याने लढवलेल्या केस नव्हे.

दुसरं, खासगी आयुष्याची हद्द. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उमेदवारालाही खासगीपण आहे. घरातली प्रत्येक वस्तू जाहीर करायची गरज नाही. त्यामुळे लग्न, जात, घरातली भांडणं यावरचे फॉरवर्ड म्हणजे 'पार्श्वभूमीची तपासणी' नव्हे.

तिसरं, उमेदवाराला विचारायचा प्रश्न. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ कामगारांचा जीव गेला. पुढच्या वेळी मत मागायला येणारा वकील कायद्याची भाषा करेल. त्याला विचारा, यात आमदार नेमकं काय करू शकतो? संरक्षण हा केंद्राचा विषय आहे. फॅक्टरी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीकडे आहे. संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार देणारा २०२१ चा कायदाही संसदेनेच केला. 'निवडून द्या, फॅक्टरीचे सगळे प्रश्न सोडवतो' असं म्हणणारा वकील एकतर सातवी अनुसूची विसरलाय किंवा मतदाराला ती माहीत नाही असं धरून चाललाय.

पण हात वर करणाराही कामाचा नाही. जवळचं सरकारी रुग्णालय भाजलेल्या रुग्णांसाठी सज्ज आहे का, मदत कुटुंबापर्यंत कधी पोहोचते, कामगारांच्या बाजूने विधानसभेत प्रश्न कोण विचारतो, हे आमदाराच्या हातात आहे.

जो वकील या दोन याद्या वेगळ्या करून सांगेल, त्याचं शिक्षण कामाला आलं असं समजायला हरकत नाही. बाकी बॅनरवर 'ॲड.' आहेच.