सही तिची, हप्ता कुणाचा?

गटाचं कर्ज बाईला लवकर मिळतं, कारण बाई हप्ता बुडवत नाही, असं वसुलीला येणारी पोरंच सांगतात. यात कौतुक वाटून घेण्यासारखं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या नावावर उचललेला पैसा जातो कुठे? दिराच्या टेम्पोला, नणंदेच्या लग्नाला, नाहीतर शेतातल्या बोअरला. हप्ता चुकला की मात्र बोलणी तिला, आणि नोंदही तिच्याच नावावर.

या नोंदीला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो. खरं तर सिबिल ही अशा चार कंपन्यांपैकी एक. ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात, आणि मागच्या ३६ महिन्यांत हप्ता किती दिवस उशिरा भरला हेही त्या कागदावर दिसतं. पैसा कुणी वापरला, याला त्यात रकाना नाही!

आमच्या ओळखीतल्या एकीला शिलाई मशीनसाठी बँकेने कर्ज नाकारलं, तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी तर त्यातला एक रुपया स्वतःवर खर्चला नाही.” खरंच होतं ते. पण नावावर चार कर्जं. घरात महिन्याला येणार १८ हजार आणि हप्त्यांची बेरीज ११ हजार ४००. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जांत घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. म्हणजे इथे ९ हजार. चौथं कर्ज देणाऱ्यानेही ही बेरीज करायला हवी होती की!

तिला सावरायला दीड वर्ष लागलं. जुना हप्ता भरायला नवं कर्ज घेणं आधी बंद केलं. मग नवरा आणि दीर यांना समोर बसवून सगळं वहीत मांडलं. सांगते, हेच सर्वांत अवघड गेलं. “घरातलं बाहेर कशाला काढता?” असं सासूबाई म्हणाल्या. पण टेम्पोचा हप्ता दीर दर पाच तारखेला स्वतः भरेल, एवढं त्या दिवशी ठरलं. त्यानंतर सर्वांत लहान कर्ज आधी फेडलं आणि तो मोकळा झालेला हप्ता पुढच्या कर्जाला लावला. हिशेबी माणसं म्हणतील, जास्त व्याजाचं आधी फेडा. हिशेबाने ते बरोबरच आहे. पण दारात येणारा एक वसुलीवाला कमी झाला की बाईला जो धीर येतो, तो व्याजात मोजता येत नाही. आणि हो, त्याच २०२२ च्या नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असंही आहे. हे त्याला तोंडावर सांगा.

‘थोडे भरा, बाकी सोडतो’ असं कुणी म्हटलं, तर लगेच हुरळून जाऊ नका. अशा कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याकडे संशयानेच पाहते. अगदीच इलाज नसेल तर घ्यावं, पण कळून सवरून. पूर्ण फेडलंत तर बेबाकी दाखला मागून घ्या.

या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलाला किंवा मुलीला मोबाईलवर काढून द्यायला सांगा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ‘दोन हजारात सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही. ती वेळेवर भरलेल्या पुढच्या हप्त्यांनीच हळूहळू मागे पडते.

आमच्या गटात आता आम्ही एक नियम केलाय. कर्ज ज्याच्यासाठी, त्याने बैठकीला यायचं आणि हप्ता कुठून भरणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. “पुरुषांना असं बोलवणं बरं दिसतं का?” असं दोघी-तिघींनी विचारलं. मला तरी त्यात वावगं काही दिसत नाही. पैसे मोजून घ्यायला ते येतातच ना!