द्राक्षाचं गणित ऑक्टोबरात नाही, मे महिन्यातच बिघडतं

अवकाळी म्हटलं की गारपीट आठवते. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे झाली तशी. फोटो येतात, पंचनामे होतात. पण द्राक्षाचं एक मोठं नुकसान फोटोत दिसतच नाही. 2025 च्या मे महिन्यात तेच झालं.

फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते, पीक एकदाच, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. आपल्या उष्ण हवेत ती झोपत नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथं द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलंय. आता छाटणी दोनदा, पीक एकच. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची फळछाटणी घडासाठी.

मेख इथंच आहे. घड ऑक्टोबरनंतर दिसतो, पण तो काडीच्या डोळ्यात धरतो मे-जूनमध्ये. त्याला ऊन लागतं. 2025 ला मे महिन्यातच ढग आणि पाऊस, 25 मे रोजी तर मान्सूनच राज्यात दाखल. शेंडा वाढत राहिला, डोळे रिकामे राहिले. वर सप्टेंबरची अतिवृष्टी, मुळ्या पाण्यात. अशा बागेत छाटणीनंतर फूट येते, घड मात्र जिरतो. औषध मारून तो परत येत नाही.

छाटणीची तारीखही जुगारच. लवकर छाटली तर भाव बरा, पण परतीच्या पावसात डाऊनी आणि फुलोऱ्यात घडकूज. उशिरा छाटली तर माल उन्हाळ्यात सापडतो. वाईनच्या द्राक्षाला तर साखर 22-24 ब्रिक्सपर्यंत चढावी लागते. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की साखर उतरते, मणी तडकतात. नाशिकच्या वायनऱ्यांचंही पोट याच हवेवर. खाण्याच्या द्राक्षाचा माल बिघडला तर बेदाण्याचा रस्ता तरी असतो.

आपल्या जिल्ह्यात मोसंबी जास्त. द्राक्षबागा पाहायच्या तर शेजारच्या जालन्यातलं कडवंची गाव. पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांच्या जोरावर त्यांनी दुष्काळात बागा जगवल्या. ढगाळ मे महिन्यावर शेततळं काय करणार? क्रॉप कव्हर पावसापासून वाचवतं, पण खर्च मोठा, आणि ऊन ते आणू शकत नाही.

राहिला विमा. द्राक्षाच्या हवामान आधारित फळपीक विम्यात अवेळी पावसाचं संरक्षण ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतं. म्हणजे घड धरायच्या काळातला पाऊस त्यात बसतच नाही. बागायतदारांनी पुढच्या हंगामाच्या अटी ठरण्याआधी हा मे-जूनचा काळ धरायची मागणी तालुका कृषी कार्यालयात लेखी द्यावी, आणि पोच घ्यावी.