कैदेतली कॅथरीन

१९९३ च्या ‘मिस्ट’ या संगणक-खेळात खेळणाऱ्याच्या हाती बंदूक नव्हती. होती ती कोडी. म्हणूनच त्याच्या पुढच्या भागाची, ‘रिव्हन’ची, अमेरिकेत आतुरतेने वाट पाहिली गेली. ऑक्टोबर १९९७ मध्ये ५ सीडींवर तो आला. चित्रांचे कौतुक झाले. कोडी फार अवघड, अशी तक्रारही झाली.

मला खटकते ते वेगळेच. त्यातली कॅथरीन सासऱ्याच्या कैदेत आहे आणि नवरा तिच्या सुटकेसाठी आपल्याला पाठवतो. पण हीच कॅथरीन तिथल्या बंडखोरांची पुढारी! लढणारी बाई कोंडलेली, किल्ली मात्र परक्याच्या हाती. समाजकार्यात आम्ही बाईला ‘सोडवत’ नाही, तिच्या लढ्यात सोबत करतो.

मैत्रिणींनो, असे खेळ आपल्या मुलींनीही रचायला हवेत. त्यांची कॅथरीन कुलूप स्वतः उघडील.